‘तुम्हाला’च्या पुढे

३ फेब्रुवारी १९९९, बुधवार

यंत्र पुन्हा थांबलं. स. सव्वादहा. पडद्यावर सगळं जिथल्या तिथं, बाण मध्येच रुतलेला, कुठलीही कळ दाबा, ढिम्म. जावयांच्या पुण्याच्या ऑफिसात याला हँग होणं म्हणतात. मठाच्या पाठशाळेत आम्ही जंगमांची पोरं ‘स्तंभन’ शिकलो होतो. ते करायला निदान मंत्र म्हणावा लागायचा.

बटण दाबून बंद केलं. पुन्हा चालू केलं तर चालू होईना. आतला पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, पडदा काळा. वीस-पंचवीस मिनिटांनी आपणहून सुरू झालं.

कमलचं पाऊण पान गेलं. तीन दिवसांचं काम. तिचं आता एकच बोट चालतं, उजवी तर्जनी, आणि सेव्ह करायला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. ते खातं माझ्याकडे. मी ओट्यावर तेलगावच्या पाणीटंचाईची बातमी लिहीत बसलो होतो. ती हाक मारू शकत नाही हे मला अजून अधूनमधून विसरायला होतं.

नवं पान उघडून दिलं. चार शब्द, सात मिनिटं:
“बातमी तरी झाली का?”

६ फेब्रु., शनि.

आवाज दिवाळीत गेला. आधी जीभ जड, मग शब्द ओले, मग नुसता श्वास. औरंगाबादच्या डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव लिहून दिलं. मी त्याचा समास सोडवून पाहिला. अर्थ एवढाच की डोकं शेवटपर्यंत शाबूत राहणार आणि बाकीचं एकेक बंद होत जाणार. आधी बोलणं, मग गिळणं, मग श्वास. डॉक्टर क्रम सांगताना बोटं मोजत होते.

आमच्या मेधाने पुण्याहून हा जुना कॉम्प्युटर पाठवला, मराठी अक्षरांसकट आणि लाईट गेल्यावर लागणाऱ्या बॅटरीच्या डब्यासकट. आईला बोलता येत नाही तर लिहू दे म्हणाली. पेन धरता येत नाही, कळ दाबता येते. सातवी शिकलेली बाई; पंधरा दिवसांत कळफलक पाठ. मला अजून ‘ज्ञ’ सापडत नाही.

पूर्णविराम चुकवत नाही. तो देऊन झाला की बोट उचलते. म्हणजे वाक्य संपलं, आता तुम्ही बोला.

९ फेब्रु., मंगळ.

खाजाभाई येऊन गेला. माजलगावला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. पाटीवर शेवटी गेल्या वर्षापासून ‘व कॉम्प्युटर’ आलंय. ‘व’ जुन्या रंगात आहे, आधी पुढे टेपरेकॉर्डर होता.

त्याचं निदान: व्होल्टेज. तेलगावची लाईट सकाळी दीडशे, दुपारी अडीचशे. स्टॅबिलायझर बसवला. जाताना कमलला म्हणाला, “भाबी, आता बिनघोर बोला.”

बिनघोर दोन दिवस चाललं असतं तरी पुरे होतं. संध्याकाळी पाचला हँग.

१४ फेब्रु., रवि. महाशिवरात्र

बाईसाहेबांचा उपवास. तशीही पेजेपलीकडे काही गिळता येत नाही, तर आज पुण्य फुकटात. हे तिला म्हणून दाखवलं. डोळ्यांनी हसली.

रोजच्यासारखी विभूती लावली. तिन्ही बोटांनी तीन रेघा तिच्या कपाळाला, मग माझ्या, मग यंत्राला. पहिल्या दिवशी तिनेच लिहून मागितलं होतं: “हे माझं तोंड आहे. त्यालाही लावा.” कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर लावतो, तिथेच त्याचं कपाळ असावं असं आमचं ठरलंय. आज सणाची म्हणून जरा दाट ओढली.

दुपारी ती काय लिहिते आहे ते पहिल्यांदा नीट वाचलं. मेधासाठी लिहिते आहे. स्वतःच्या आईची हकिकत. चकलांब्याचं माहेरचं दुकान, आईचा हिशेबी स्वभाव, गुळाच्या ढेपेवर बसून केलेला अभ्यास. बरं लिहिते. माझ्या बातम्यांपेक्षा बरं, हे सांगितलं नाही.

आता ती त्या दिवसापर्यंत येऊन पोचली आहे.

१७ फेब्रु., बुध.

तिने लिहिलं ते उतरवून ठेवतो:

“आई गेली त्या दिवशी दादाने निरोप उशिरा पाठवला. आपल्यात माती देण्याआधी लेकीने आईच्या कपाळाला विभूती लावायची असते. मी पोचले तेव्हा खड्डा बुजवून झाला होता. दादा म्हणाला, माणूस वेळेवर पाठवला होता. सगळ्या भावकीसमोर खोटं बोलला. मी त्याला खोटारडा म्हणाले आणि पाणी न पिता निघाले. मेधा, म्हणून तुला मामा नाही.”

पूर्णविराम दिला, बोट उचललं, माझ्याकडे पाहिलं. सेव्ह करा.

मी दोन कळा दाबल्या. केलं सेव्ह.

नऊ वर्षं झाली.

२० फेब्रु., शनि.

दिवसात तीनदा हँग. शेवटच्या वेळी तासभर उठलंच नाही. शेजारची शेवंताबाई, जी कमलला न्हाऊ घालते, भरवते आणि शेळ्यांना शिव्या देते तितक्याच मायेने मलाही देते, ती म्हणाली, “स्वामी, याला बी ताईचंच दुखणं लागलं जणू. सगळं दिसतंय, बोलत न्हाई.”

लिहून ठेवावंसं वाटतं, आणि वाटतं न लिहावं: आज पहिल्यांदा यंत्र थांबलं तेव्हा दादाविषयीचं पुढचं अर्धं पान गेलं, आणि मला बरं वाटलं.

२२ फेब्रु., सोम.

खाजाभाई यंत्र दुकानात घेऊन गेला. जीपमध्ये मांडीवर. भाबीचं तोंड घेऊन चाललो म्हणाला. चार-पाच दिवस लागतील.

२३ फेब्रु., मंगळ.

यंत्राशिवाय पहिला दिवस. पाठशाळेत शिकलेलं अखेर कामाला काढलं: मी वर्ग म्हणतो, क-वर्ग, च-वर्ग, ट, त, प, हव्या त्या वर्गावर तिने डोळे मिटायचे. मग त्या वर्गातली अक्षरं एकेक, मग स्वर. पाणिनीला आपलं शास्त्र कुणाला पेज पाजायला वापरलं जाईल असं वाटलं नसेल.

प-वर्ग. ‘प’. मी म्हणालो, पाणी? नाही. पाय दुखतोय? नाही. पंखा? तिने डोळे घट्ट मिटून घेतले, म्हणजे होय-नाही काहीच नाही, माझा कंटाळा. शेवंताबाई आत आली, तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि खिडकीचा पडदा ओढला. ऊन डोळ्यांवर येत होतं.

पंचवीस वर्षं लोकांची अर्धी वाक्यं पुरी करून छापतो आहे. ‘ते पुढे म्हणाले’ असं लिहायचं आणि जे म्हणायला हवं होतं ते लिहायचं. एकाही पुढाऱ्याने तक्रार केली नाही. घरातल्या माणसाचा एक शब्द जमेना.

२७ फेब्रु., शनि.

यंत्र आलं. कॅबिनेट उघडूनच आणलं होतं. खाजाभाईने मला ओट्यावर बोलावलं, आवाज खाली.

“स्वामी, याच्यात राख कावून हाय?”

पंख्याच्या पात्यांवर, वीजपुरवठ्याच्या डब्यात, मेमरीच्या पट्टीखाली, सगळीकडे पांढरी मऊ पूड. तेल पिऊन पंख्याच्या आसात तिचा लगदा झालेला. पंखा फिरतो असं वाटतं, वारा ओढत नाही. आतलं तापतं, तापलं की थांबतं, निवलं की उठतं. जाळीतून वारा आत जातो, त्यासोबत जे असेल ते. त्याने मेमरीची पट्टी काढून तिच्या पिवळ्या दातांवरून शाळेतलं खोडरबर फिरवलं, नवा पंखा घातला.

तीन बोटं, तीन रेघा, चार महिने. रोज सकाळी, माझ्या हाताने.

मी म्हणालो, खाजाभाई, आत सांगू नको.
“आमी कशाला सांगू. अगरबत्तीची राख आमच्या दुकानात बी पडती.”

आत गेलो. तिने पहिलं वाक्य लिहिलं: “काय निघालं?”
मी म्हणालो, “धूळ.”

१ मार्च, सोम.

यंत्र दोन दिवस झाले न थांबता चालतं आहे. कमलने काय-काय लिहिलं:
“माझं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. चुकतं.”
“पेज खारट झाली होती. शेवंताला सांगू नका.”
“मेधाचं पत्र पुन्हा दाखवा.”
आणि मी विभूती तिच्या कपाळाला लावून थांबलो, तेव्हा: “त्याला?”

यंत्राखालच्या टेबलाला लावली. लाकडाला. तिने बघितलं, बोलली नाही. म्हणजे लिहिलं नाही.

४ मार्च, गुरु.

शेवंताबाईने सांगितलं तिला. ओट्यावरून ऐकलं होतं. वाईट हेतूने नव्हे; देवाची राख यंत्रात गेली म्हणजे यंत्र पावन झालं अशी तिची समजूत.

कमलने लिहिलं. पाऊण तास लागला, मी समोर बसून होतो, एकेक अक्षर येताना पाहत होतो. बोट ‘क’वर जाऊन थरथरायचं, मग खाली यायचं.

“राख होती. तुम्ही धूळ म्हणालात. मला वाईट वाटेल म्हणून. पण खोटं ते खोटं. खोटं बोलणारा माझ्या माणसांत एकच आहे, तो चकलांब्याला, असं मी समजून होते.”

पूर्णविराम. बोट वर.

माझी पाळी होती. मी म्हणालो, चूक झाली. ती धुळीबद्दल समजली.

५ मार्च, शुक्र.

कागदावर तरी लिहून ठेवतो.

त्या दिवशी मी एसटी स्टँडवरच्या हॉटेलात बसून पुलाच्या भूमिपूजनाची बातमी लिहीत होतो. मंत्री येऊन गेले होते. बातमीचा लिफाफा साडेतीनच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिला की रात्री बीडला पोचायचा, सकाळी छापून यायचा. चुकला की बातमी शिळी. दुपारी बाराला दादाच्या दुकानातला लक्ष्मण जीप घेऊन आला. म्हणाला, म्हातारी गेली, ताईला घेऊन या, दादा दिवस मावळेपर्यंत थांबवतो म्हणलाय. त्याला पुढे माजलगावला सोयऱ्यांकडे जायचं होतं. मी म्हणालो, तू हो पुढे, आम्ही येतोच.

आणि बातमी पुरी केली. ‘ते पुढे म्हणाले’ तीन वेळा आलं होतं. लिफाफा साडेतीनला दिला. मग घरी गेलो. कमलने विचारलं, निरोप कधी आला? मी म्हणालो, आत्ताच.

एवढा एकच शब्द.

चकलांब्याला दिवेलागणीला पोचलो. ती भावाला खोटारडा म्हणाली तेव्हा मी तिच्या मागे दोन पावलांवर उभा होतो. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी चपला शोधत होतो. लक्ष्मण पुढच्याच वर्षी वारला. मग कुणी विचारणारं उरलं नाही.

बातमी पाचव्या पानावर आली. चार ओळी. पूल अजून झालेला नाही.

११ मार्च, गुरु.

रात्रभर तिला श्वास पुरेना. सकाळी डॉक्टर. बोटांचा क्रम तिसऱ्या बोटावर आलाय, मला सांगायची गरज नाही, मी मोजायला शिकलोय. तो म्हणाला, अंबाजोगाईला न्यायची तयारी ठेवा.

यंत्र पुन्हा अडकायला लागलं. नवा पंखा व्यवस्थित फिरतोय. खाजाभाईने हात लावून पाहिला, कपाळाला लावल्यासारखा. “चार महिने तापला, स्वामी. आतला बोर्डच भाजलाय. औरंगाबादहून नवीन मागवतो, आठ-पंधरा दिवस. तवर चाललं तवर चाललं.”

डॉक्टरही शब्दशः हेच म्हणाला होता.

कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावून ठेवलाय. शेवंताबाई कमलला वारा घालते, मी यंत्राला. एका खोलीत दोन आजारी.

१५ मार्च, सोम.

आज ती पुन्हा दादावर आली. गेलेलं अर्धं पान तिला पाठ होतं. लिहिलं, “दादाचा खोटेपणा मेधाला कळला पाहिजे. सेव्ह करा.”

मी कळांवर बोटं ठेवली. दाबली नाहीत.

तिने वाट पाहिली. पुन्हा लिहिलं: “सेव्ह करा.”

मी म्हणालो, यंत्र तापलंय, जरा वेळाने करू. उठून बाहेर आलो. कण्हेरीला पाणी घातलं. पाणी टँकरचं, कण्हेरीला घालायचं नसतं.

परत गेलो तर बोट कळफलकावर नव्हतं. मांडीवर होतं. डोळे माझ्यावर. या बाईला सत्तावीस वर्षं ओळखतो. तिला काहीतरी कळलंय, काय ते कळलेलं नाही.

१८ मार्च, गुरु. पाडवा

गुढी शेवंताबाईने उभारली. लिंबाची पानं कमलच्या जिभेला नुसती टेकवली. कडू कळतं अजून.

विभूती लावली. तीन रेघा ओढता ओढता सांगितलं. ठरवून नाही. हात कपाळावर होता म्हणून डोळ्यांत बघावं लागत नव्हतं. लक्ष्मण बाराला आला होता, म्हणालो. मी साडेतीनला निघालो. दादा खरं बोलत होता. आत्ताच हे खोटं होतं.

हात खाली घेतला. तिचे डोळे कोरडे. ओठ किंचित हलले. मग तिने नजर यंत्राकडे नेली. लावा.

चालू केलं. पहिल्याच झटक्यात सुरू झालं, आठवड्यात पहिल्यांदा. खुर्ची जवळ ओढली, मनगटाखाली उशी दिली. सकाळचे दहा.

पहिलं वाक्य साडेदहापर्यंत: “दादाला बोलवा.”
दुसरं: “तो खरं बोलत होता.”

तिसरं सुरू केलं. त. ु. म. मी पडद्याकडे पाहत नव्हतो, बोटाकडे पाहत होतो. अक्षर झालं की बोट किंचित मागे यायचं, दम घ्यायचं, पुन्हा पुढे. ‘ला’चा काना दिला. जागा सोडली. पुढच्या कळेवर बोट ठेवलं आणि दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा.

बाण थांबला होता.

पडद्यावर:

दादाला बोलवा. तो खरं बोलत होता. तुम्हाला

तिने बोट कळेवरून उचललं नाही. शेवंताबाईने ते अलगद काढलं तेव्हा ताठ झालं होतं.

१८ मार्च, दुपार

बंद करायचं की नाही. बंद केलं तर शब्द जाणार आणि यंत्र उठेलच असं नाही. नाही केलं तर अडकलेलं अडकलेलंच. एसटीडी बूथवरून खाजाभाईला फोन. “हात लावू नका, स्वामी. आता झोपलं तर न्हाई उठायचं.” तिथूनच चकलांब्याला दादाच्या दुकानात निरोप ठेवला.

अडीचला लाईट गेली. बॅटरीच्या डब्याने टीं टीं सुरू केलं. दहा मिनिटं टिकते. ती दहा मिनिटं आम्ही तिघं पडद्याकडे पाहत होतो. शेवंताबाईला वाचता येत नाही, तिने विचारलं, काय लिवलंय ताईने? मी वाचून दाखवलं. म्हणाली, “अन् पुढं?”

पुढं काही नाही म्हणालो.

मग टीं टीं लांबली, एकच झाली, आणि पडदा काळा. कमलचं तोंड त्यात दिसलं. माझंही, मागे, दोन पावलांवर.

१९ मार्च, शुक्र.

सुरू होत नाही. पंचवीस मिनिटं, तास, चार तास. पंखा फिरतो, दिवा लागतो, बाकी काही नाही.

अन्वय लावताना गुरुजी आधी क्रियापद शोधायला लावायचे. मराठीत ते शेवटी येतं. ‘नाही’ तर त्याच्याही पुढे. ‘तुम्हाला’: विभक्ती द्वितीया की चतुर्थी, तेही ठरत नाही, प्रत्यय एकच. कर्म आहे की दान आहे? माझी परीक्षा घ्यायला सातवी पास बाईने बरोबर जागी थांबवलं.

थांबवलं यंत्राने, आणि यंत्राला राखेने. राख घातली कुणी ते वर आलेलंच आहे.

वर्ग म्हणायला बसलो. डोळे उघडे, एकाही वर्गावर मिटले नाहीत. क, च, ट, त, प. पुन्हा क, च, ट, त, प. थकली आहे की बोलायचं नाही? शेवंताबाई म्हणाली, स्वामी, ऱ्हाऊ द्या आता.

२१ मार्च, रवि.

पहाटे ओठ निळे. जीपने अंबाजोगाई. मागच्या बाकावर तिला मांडीवर घेऊन बसलो, शेवंताबाई पायाशी. इस्पितळात नाकातोंडावर मास्क. दुपारनंतर रंग परत आला. बहुतेक वेळ झोपेत.

भेटायची वेळ चार ते पाच.

२४ मार्च, बुध.

दादा आला. नऊ वर्षांत म्हातारा झालाय, किंवा मी नीट पाहिलं नव्हतं. कमल झोपेत होती. तिच्या पायाशी उभा राहिला. मग खिशातून पुडी काढली, चिमूट घेतली, तिच्या कपाळाला तीन रेघा ओढल्या. मास्कच्या वरच्या जागेत.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला सांगितलं. बारा, साडेतीन, आत्ताच. एका दमात, बातमी वाचून दाखवावी तसं.

तो म्हणाला, “मला ठाऊक व्हतं, दाजी.”

लक्ष्मणने त्याच आठवड्यात सांगितलं होतं.

मी विचारलं, मग नऊ वर्षं बोलला का नाहीत?

त्याने टोपी काढून हातात फिरवली. “कमळीनं आमचं घर सोडलंच व्हतं. तुमचं बी सुटलं असतं तर ती जाती कुठं? एक तरी राहू द्यावं म्हणलं.”

नंतर आम्ही चहा प्यायलो. त्याने माझ्या बशीत ओतून दिला. साखर जास्त होती.

२६ मार्च, शुक्र.

खाजाभाईचा निरोप: बोर्ड आला, बसवला, यंत्र उठलं. जुनं सेव्ह केलेलं सगळं शाबूत आहे. म्हणजे मेधाला मामा नाही, हे शाबूत आहे. अठरा तारखेचं काही नाही.

ते पान खोडून टाकता येईल. तिचं आहे, मला खोडता येणार नाही. खाली माझं काहीतरी लिहावं लागेल, माझ्या नावाने, पूर्णविरामासकट. ‘ज्ञ’ लागला तर शोधीन.

२७ मार्च, शनि.

चारला आत सोडलं. जागी होती. दादा उशाशी, ती त्याच्याकडेच बघत होती. कधीपासून ते मी विचारलं नाही. तो उठून मला जागा देऊन बाहेर गेला.

मी म्हणालो, तुझं वाक्य राहिलंय. ‘तुम्हाला’पर्यंत झालं होतं. मी पुरं करणार नाही.

क-वर्ग म्हणालो. डोळे उघडे. च-वर्ग.

मिटले.

च, म्हणालो. मिटले. चांगले मोजण्याइतके मिटले.

तुम्हाला च. एवढ्यात नर्स आली, मास्क बदलायचा होता, वेळही झाली होती. दारातून मागे पाहिलं तर डोळे मिटलेले होते. होय म्हणून, की झोप म्हणून.

व्हरांड्यात दादा म्हणाला, काय म्हणली? मी म्हणालो, च. तो म्हणाला, “चहाच इचारत असंल. घेतला का म्हून. तिची सवय हाय.”

असेल. चूकही ‘च’चीच. अंदाज करायचा नाही असं ठरलंय.

उद्या चारला स्वर. चहाला पहिल्याच स्वरावर डोळे मिटतील. चुकीला सहाव्यावर. अ, आ, इ, ई, उ, ऊ. सावकाश म्हणेन, प्रत्येकानंतर थांबेन